अल्पभूधारकाचे कुंपण : द्राक्षबागांच्या वन्यप्राण्यांपासून संरक्षणाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

द्राक्षवेल हे दीर्घायुषी पीक आहे. लागवडीनंतर पहिले समाधानकारक उत्पन्न हाती येण्यास साधारणतः दोन ते तीन वर्षांचा कालावधी जातो आणि त्यानंतर वेल अनेक वर्षे फळ देते. त्यामुळे वन्यप्राण्यांनी एका रात्रीत केलेले नुकसान बहुधा एका हंगामापुरते मर्यादित राहत नाही. हरणाने खुडलेला कोवळा शेंडा, सशाने सोललेली साल किंवा रानडुकराने उकरलेले मूळ यांचा परिणाम पुढील अनेक वर्षांच्या उत्पन्नावर होतो. ज्वारी-बाजरीचे शेत पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पेरता येते, बाग मात्र पुन्हा उभी करावी लागते. या कारणामुळे द्राक्षशेती आणि कुंपण यांचा संबंध शेतीच्या इतिहासात फार पूर्वीपासून दिसून येतो.

कुंपणाचा इतिहास सामान्यतः तंत्रज्ञानाचा इतिहास म्हणून मांडला जातो. काटेरी झुडूप, दगडी भिंत, काटेरी तार आणि विद्युत कुंपण असा त्याचा क्रम सांगितला जातो. तथापि या क्रमामागे एक आर्थिक व सामाजिक प्रश्न दडलेला आहे. कुंपणाचा खर्च कोणी सोसावा आणि तो ज्याला सोसता येत नाही त्याने काय करावे, हा तो प्रश्न होय. मोठ्या जमीनदाराने या प्रश्नाचे उत्तर पैशाने दिले. लहान बागायतदाराला मात्र ते श्रमाने, सामूहिक व्यवस्थेने किंवा कायद्याच्या आधाराने शोधावे लागले.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. द्राक्षबागांच्या संरक्षणासाठी निरनिराळ्या काळांत वापरल्या गेलेल्या अल्पखर्चिक कुंपणांचा आढावा घेणे.
२. कुंपणाच्या खर्चाचा भार कोणावर टाकला गेला, याचा विधी व परंपरांच्या आधारे विचार करणे.
३. महाराष्ट्रातील लहान द्राक्ष बागायतदारांच्या संदर्भात या इतिहासाचे महत्त्व स्पष्ट करणे.

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचन ग्रंथ, कायदे व प्रकाशित संशोधन यांवर आधारित आहे.

लहान क्षेत्र आणि कुंपणाचे गणित :

ऐतिहासिक विवेचनाकडे वळण्यापूर्वी एक साधे भूमितीय सत्य लक्षात घेणे आवश्यक आहे. शेताचे क्षेत्रफळ आणि त्याची परिमिती सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. एक हेक्टरच्या चौरस शेताची परिमिती ४०० मीटर असते. चार हेक्टरच्या चौरस शेताची परिमिती ८०० मीटर, म्हणजे हेक्टरी केवळ २०० मीटर भरते. शंभर हेक्टरच्या चौरस मळ्याची परिमिती ४,००० मीटर होते आणि हेक्टरी कुंपण अवघे ४० मीटर लागते. म्हणजेच एक हेक्टरच्या मालकाला शंभर हेक्टरच्या मालकापेक्षा हेक्टरी दहापट कुंपण घालावे लागते.

वारसाहक्काने होणाऱ्या वाटण्यांमुळे ही अडचण अधिक वाढते. वाटणी करताना रस्ता, पाणी व जमिनीची प्रत सर्व भावांना सारखी मिळावी म्हणून शेताचे लांबट पट्टे पाडले जातात. शंभर मीटर लांब व शंभर मीटर रुंद असलेले एक हेक्टर ४०० मीटर कुंपणात बसते, परंतु तेच क्षेत्र २५ मीटर रुंद व ४०० मीटर लांब असेल तर ८५० मीटर कुंपण लागते. क्षेत्र तेवढेच, उत्पन्न तेवढेच, खर्च मात्र दुपटीहून अधिक होतो. ‘कुंपणच शेत खाते’ ही म्हण मराठीत रक्षकच भक्षक झाल्याच्या अर्थाने वापरली जाते. लहान बागायतदाराच्या हिशेबवहीत ती शब्दशः खरी ठरू शकते.

प्राचीन ग्रंथांतील विचार :

भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशात द्राक्षबागेचे संरक्षण हा जुना विषय आहे. बायबलच्या जुन्या करारातील यशयाच्या ग्रंथात द्राक्षमळ्याचे रूपक येते. त्यात दगड वेचणे, बुरूज बांधणे, कुंपण व भिंत या सर्वांचा उल्लेख असून कुंपण काढून घेतले की मळा तुडवला जातो, असे वर्णन आहे. स्तोत्रसंहितेत वेलीची नासधूस करणारे रानडुक्कर आणि गीतरत्नात द्राक्षमळे उद्ध्वस्त करणारे लहान कोल्हे आढळतात. धार्मिक काव्यातील ही रूपके श्रोत्यांना सहज समजत होती, यावरून त्यामागील अनुभव किती परिचित होता हे दिसते.

रोमन लेखक व्हॅरो याने इ.स.पू. ३७ च्या सुमारास लिहिलेल्या कृषिविषयक ग्रंथात कुंपणाचे चार प्रकार सांगितले आहेत. पहिला प्रकार जिवंत झुडपांच्या नैसर्गिक कुंपणाचा, दुसरा लाकडी खुंट व फांद्यांच्या ग्रामीण कुंपणाचा, तिसरा खंदक व मातीच्या बांधाच्या लष्करी पद्धतीचा आणि चौथा बांधीव भिंतीचा. भिंतीचे साहित्य प्रदेशानुसार बदलते, हेही तो नोंदवतो. कोठे दगड, कोठे भाजलेल्या विटा, कोठे कच्च्या विटा, तर कोठे साच्यात ठोकलेली माती व खडी वापरली जात असे. जिवंत कुंपणाच्या बाजूने त्याने दिलेले कारण व्यवहारी आहे. मुळे धरलेल्या हिरव्या कुंपणाला वाटसरूच्या पेटत्या मशालीचे भय नसते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील कोल्युमेला हा खर्चाचा प्रश्न अधिक स्पष्टपणे मांडतो. बागेच्या कुंपणाविषयी लिहिताना तो ग्रीक विचारवंत डेमोक्रिटस याच्या नावावरील मताचा दाखला देतो. विटांची भिंत पावसा-वादळात टिकत नाही, दगडी भिंतीचा खर्च बागेच्या मोलाहून जास्त होतो आणि मोठे क्षेत्र वेढायचे तर वडिलोपार्जित संपत्तीच खर्ची घालावी लागेल, असा त्या मताचा आशय आहे. यावर कोल्युमेलाने सुचवलेला उपाय अल्पखर्चिक कुंपणाच्या इतिहासातील पहिल्या सविस्तर कृतींपैकी एक मानता येईल. शरद संपातानंतर पावसाने जमीन भिजली की तीन फूट अंतरावर दीड फूट खोलीचे दोन चर खणावेत. काटेरी झुडपांचे पक्व बी कडधान्याच्या पिठात पाणी घालून कालवावे आणि ते जुन्या दोरांना माखून दोर वाळवून ठेवावेत. हिवाळा सरत आला की हे दोर चरांत अंथरून वर हलकी माती टाकावी. बी दोराच्या पिळात अडकलेले असल्याने ते सारख्या अंतरावर उगवते आणि दुहेरी काटेरी रांग तयार होते. या कृतीत विकत घ्यावे असे जवळजवळ काहीच नाही. जुना दोर, रानातले बी आणि स्वतःचे श्रम एवढेच तिचे भांडवल आहे. तिची खरी किंमत वेळेत मोजावी लागते, कारण झुडूप दाट होण्यास काही वर्षे जातात.

भारतीय परंपरेतही कुंपणाचा विचार झालेला आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गावाभोवतीच्या गायरानालगतच्या शेतांविषयी नियम आहेत. कुंपण उंटाला पलीकडचे दिसणार नाही इतके उंच असावे आणि कुत्र्याचे वा डुकराचे तोंड शिरेल अशी सर्व छिद्रे बुजवावीत, असे तेथे सांगितले आहे. उंची आणि तळाची घट्टता या दोन्ही कसोट्या आजच्या कुंपणतज्ज्ञांनाही लावाव्या लागतात. त्याच ठिकाणी अशीही तरतूद आहे की कुंपण नसलेल्या शेतातील पीक जनावरांनी खाल्ल्यास राजाने गुराख्याला दंड करू नये. याचा अर्थ, संरक्षणाची पहिली जबाबदारी शेतकऱ्याची मानली गेली होती. विनाकुंपण शेताला दाद नाही, हे तत्त्व पुढे अगदी वेगळ्या देशकालातही आढळते.

भिंत, राखणदार आणि शिकारीचा हक्क :

मध्ययुगीन युरोपात भिंतीने वेढलेली द्राक्षबाग हे संपन्नतेचे लक्षण होते. फ्रान्समधील बरगंडी प्रांतात सिस्टर्शियन मठवासीयांनी बाराव्या शतकापासून जोपासलेली क्लो द वूजो ही सुमारे पन्नास हेक्टरची बाग चौदाव्या शतकात दगडी भिंतीने पूर्ण वेढली गेली. ‘क्लो’ या फ्रेंच शब्दाचा अर्थच वेढलेली जागा असा आहे. मठाकडे जमीन सलग होती, दगड होता आणि मनुष्यबळही होते. छोट्या कुळाच्या विखुरलेल्या पट्ट्यांना अशी भिंत घालणे शक्य नव्हते.

त्याऐवजी गावाने राखणदार नेमण्याची प्रथा रूढ झाली. फ्रेंच व जर्मन भाषक द्राक्षप्रदेशांत फळ पिकू लागले की राखणदार बागांमध्ये फिरत. खुळखुळे वाजवून आणि पुढील काळात बंदुकीचे बार काढून ते पक्षी व प्राणी पिटाळत. द्राक्षतोडीचा दिवसही अनेक ठिकाणी गाव ठरवून जाहीर करीत असे, त्यामुळे सर्वांचे फळ एकाच वेळी राखले जाई. राखणदार हे एक प्रकारचे सामाजिक कुंपण होते. त्याचा खर्च सर्वांत वाटला जाई आणि परिमितीचे गणित तेथे लागू पडत नसे.

तथापि या व्यवस्थेला एक मोठी मर्यादा होती. शिकारीचा हक्क सरंजामदारांकडे राखीव असल्याने पिकात शिरलेले हरीण वा रानडुक्कर मारण्याचा अधिकार शेतकऱ्याला नव्हता. जमीनदारांच्या कबुतरखान्यांतील कबुतरेही पेरलेले धान्य टिपून नेत, पण त्यांना हात लावता येत नसे. फ्रेंच राज्यक्रांतीपूर्वी १७८९ मध्ये तयार झालेल्या गाऱ्हाण्यांच्या वह्यांमध्ये या दोन्ही तक्रारी वारंवार आढळतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्रसभेने सरंजामी हक्क रद्द केले. त्या निर्णयात शिकारीची व कबुतरखान्याची मक्तेदारी संपुष्टात आणून प्रत्येक जमीनमालकाला स्वतःच्या जमिनीवरील शिकारी प्राणी मारण्याचा हक्क देण्यात आला. पिकाच्या संरक्षणाचा प्रश्न नागरी हक्कांच्या प्रश्नाशी किती निगडित होता, हे यावरून स्पष्ट होते.

तारेचे युग :

एकोणिसाव्या शतकात कुंपणाच्या अर्थकारणात मूलगामी बदल झाला. अमेरिकेच्या मध्यवर्ती गवताळ प्रदेशात लाकूड व दगड दोन्ही दुर्मीळ होते. शेती विभागाच्या १८७१ च्या पाहणीत देशातील सर्व कुंपणांची किंमत जवळजवळ राष्ट्रीय कर्जाएवढी असल्याचे अनुमान निघाले. इलिनॉय राज्यातील डीकाल्ब येथील शेतकरी जोसेफ ग्लिडन याला २४ नोव्हेंबर १८७४ रोजी काटेरी तारेचे पेटंट मिळाले. त्या वर्षी शंभर पौंड तारेचा भाव सुमारे २० डॉलर होता. तो १८८० मध्ये १० डॉलरवर आणि १८९७ मध्ये १.८० डॉलरवर आला. अवघ्या तेवीस वर्षांत एखादी कृषिसामग्री इतकी स्वस्त झाल्याची उदाहरणे थोडी आहेत.

परंतु काटेरी तार ही गुरे अडवण्यासाठी होती. वन्यप्राण्यांच्या बाबतीत तिची उपयुक्तता मर्यादित ठरली. हरीण तिच्यावरून उडी मारते, रानडुक्कर तिच्याखालून उकरून शिरते, तर ससा व कोल्हा दोन तारांमधून निघून जातात. या प्राण्यांसाठी विणलेली जाळी आवश्यक होती आणि ती १८८० च्या दशकापासून कारखान्यांत तयार होऊ लागली. जाळीला पोलाद जास्त लागत असल्याने ती लहान शेतकऱ्याला महागच पडत असे.

शासनाने कुंपण घातले तर काय होते, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियात सापडते. १८५९ मध्ये व्हिक्टोरियात शिकारीसाठी सोडलेल्या सशांची संख्या बेसुमार वाढली. पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९०१ ते १९०७ या काळात १,८३३ किलोमीटर लांबीचे पहिले ससारोधक कुंपण उभारले. मात्र काम पूर्ण होण्यापूर्वीच ससे त्या रेषेच्या पश्चिमेस पोहोचले होते. कुंपण जितके लांब तितकी त्याची देखभाल अवघड आणि एक भगदाड संपूर्ण रेषेला निरुपयोगी करते, हा धडा या प्रकल्पाने दिला.

विद्युत कुंपण :

अल्पखर्चिक कुंपणाच्या इतिहासातील पुढील टप्पा न्यूझीलंडमध्ये घडला. १९३० च्या दशकात हॅमिल्टन परिसरातील बिल गॅलघर यांनी बॅटरीवर चालणारे विद्युत कुंपण विकसित केले. १९६२ मध्ये रुआकुरा येथील कृषी संशोधन केंद्रातील डग फिलिप्स यांनी साठवलेला विद्युतभार क्षणार्धात सोडणारे यंत्र तयार केले. त्यामुळे तारेला गवत टेकले तरी कुंपण निष्प्रभ होण्याचे प्रमाण घटले आणि लांब अंतराचे कुंपण शक्य झाले.

या कुंपणाचे तत्त्व पूर्वीच्या सर्व कुंपणांहून वेगळे आहे. भिंत किंवा जाळी प्राण्याच्या शरीराला अडवते, विद्युत कुंपण त्याच्या स्मरणशक्तीला अडवते. काही हजार व्होल्टचा, परंतु सेकंदाच्या अत्यल्प भागापुरता झटका साधारण सेकंदाला एकदा तारेतून जातो. तो वेदनादायक असला तरी योग्य यंत्रातून दिल्यास सहसा प्राणघातक नसतो. एकदा झटका बसलेला प्राणी पुन्हा तारेजवळ जाणे टाळतो. त्यामुळे भक्कम खांब व जाड जाळी यांची गरज उरत नाही. रानडुकरांसाठी जमिनीपासून वीतभर आणि दोन वितींवर अशा दोन-तीन तारा पुरेशा ठरू शकतात, कारण डुक्कर प्रथम नाकाने चाचपते. हरणांसाठी मात्र उंची वाढवावी लागते.

स्वस्ताईची किंमत येथेही आहे. प्राण्याच्या शरीरातून प्रवाह जमिनीत जाऊन यंत्राकडे परतला तरच झटका बसतो. म्हणून भूसंपर्क चांगला हवा. उन्हाळ्यात कोरड्या मुरमाड जमिनीत तो क्षीण होतो. तारेखालचे गवत नियमित कापावे लागते, बॅटरीची निगा राखावी लागते आणि दररोज तपासणी करावी लागते. भांडवली खर्च कमी झाला तरी श्रमाचा खर्च संपत नाही. कोल्युमेलाच्या काटेरी रांगेप्रमाणे हे कुंपणही मालकाची सततची नजर मागते.

१९८० नंतर युरोपात रानडुकरांची संख्या सातत्याने वाढत गेली. ओस पडलेली शेते, सौम्य हिवाळे व मक्याचे वाढते क्षेत्र ही त्यामागील कारणे सांगितली जातात. त्यामुळे इटलीतील टस्कनीसारख्या द्राक्षप्रदेशांत विद्युत कुंपण हे बागेच्या नेहमीच्या साहित्याचा भाग बनले. जर्मनीतील १९५२ च्या संघीय शिकार कायद्याने नुकसानभरपाईची तरतूद केली, पण तिला एक अट जोडली. द्राक्षमळे, फळबागा व रोपवाटिका यांच्या मालकाने प्रचलित संरक्षक उपाय केलेले नसतील, तर घटकराज्यांनी वेगळे ठरवले नसल्यास भरपाई मिळत नाही. मनुस्मृतीतील तत्त्व येथे आधुनिक कायद्याच्या भाषेत भेटते. ज्याला कुंपण परवडले नाही, त्याचा भरपाईचा दावाही दुबळा होतो.

महाराष्ट्रातील संदर्भ :

दौलताबादच्या द्राक्षांचा उल्लेख चौदाव्या शतकात इब्न बतूता याने केला आहे. आधुनिक काळात नाशिक, सांगली, सोलापूर व पुणे या जिल्ह्यांत द्राक्षशेतीचा विस्तार झाला. १९६० मध्ये स्थापन झालेला महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ, १९९१ मधील महाग्रेप्स ही सहकारी निर्यात संस्था, १९९७ मध्ये मांजरी येथे सुरू झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि राज्याचे २००१ चे द्राक्षप्रक्रिया धोरण हे या विस्ताराचे महत्त्वाचे टप्पे होत. या विस्तारात लहान बागायतदाराचा वाटा मोठा आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार राज्यातील सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर होती.

दख्खनमधील पारंपरिक कुंपण जिवंत किंवा काटेरीच होते. शेर, घायपात, सागरगोटा, चिल्हार, करवंद, मोगली एरंड आणि फड्या निवडुंग यांच्या रांगा बांधांवर लावल्या जात. बाभळी-बोरीच्या काट्या दरवर्षी नव्याने रचल्या जात. माळ्यावरून राखण करणारा माणूस, त्याची गोफण आणि शेतातील बुजगावणे ही या कुंपणाची जोड होती. बांधावरील झुडपे सरपणासाठी व रुंदीकरणासाठी तोडली गेली, राखणीला मजूर मिळेनासे झाले आणि ही व्यवस्था क्षीण झाली. तिची जागा सिमेंटचे खांब व काटेरी तार, जाळीचे कंपाउंड, पक्ष्यांसाठी वरून टाकलेली जाळी आणि ‘झटका मशीन’ यांनी घेतली. ज्यांना यांपैकी काहीच शक्य नाही ते जुन्या साड्या बांधून शेत वेढतात. फडफडणाऱ्या अनोळखी कापडाला प्राणी काही दिवस बिचकतात, सवय झाली की शिरतात.

कायदेशीर चौकटही येथे महत्त्वाची आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये रानडुक्कर व नीलगाय हे संरक्षित प्राणी आहेत. उभ्या पिकांसह मालमत्तेला धोकादायक ठरलेल्या ठरावीक प्राण्यांच्या शिकारीस कलम ११ खाली परवानगी देता येते आणि महाराष्ट्रात २०१५ मध्ये या दोन प्राण्यांबाबत परवानगीची प्रक्रिया सुलभ करण्यात आली. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, अनुसूचींची फेररचना केली. पीकनुकसानीची भरपाई वनविभागामार्फत दिली जाते, तर डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून वनालगतच्या गावांना सौर कुंपणासाठी साहाय्य मिळाले आहे. मात्र वनापासून दूर, ऊस व ओढ्यांच्या आडोशाने वाढलेल्या रानडुकरांचा उपद्रव सोसणाऱ्या शेतकऱ्याला ‘वनालगत’ या शब्दाचा लाभ होत नाही.

या पोकळीतूनच सर्वांत घातक प्रकार जन्माला येतो. वीजवाहिनीतील प्रवाह थेट तारेत सोडणे बेकायदेशीर आहे. तरीही हा मार्ग काही ठिकाणी अवलंबिला गेला. त्यात वाघांसारखे वन्यप्राणी दगावले, तसेच शेतकरी, मजूर आणि त्यांची जनावरेही मृत्युमुखी पडली. झटका यंत्र आणि वीजवाहिनी यांतील फरक क्षणिक स्पंद आणि अखंड प्रवाह यांतील फरक आहे. एकात प्राणी दूर जातो, दुसऱ्यात तो तारेला चिकटून मरतो. अल्पखर्चिक कुंपणाच्या अभावाची ही किंमत कोणत्याही हिशेबवहीत मांडता येणार नाही.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१. कुंपणाचे तंत्र बदलत गेले तरी लहान क्षेत्राला हेक्टरी अधिक कुंपण लागते ही अडचण कायम राहिली. तंत्रज्ञानाने मीटरमागील दर कमी केला, परिमिती कमी केली नाही.

२. परिमिती कमी करण्याचा मार्ग एकत्र येण्यातूनच जातो. एकेक हेक्टरच्या नऊ चौरस शेतांना स्वतंत्र कुंपण घातल्यास ३,६०० मीटर लागतात. तीच शेते सलग असल्यास एकत्रित कुंपण १,२०० मीटरमध्ये होते. गावाच्या राखणदाराने जे साधले, तेच सामूहिक सौर कुंपणाने साधता येईल. त्यासाठी तारेइतकीच देखभालीच्या पाळ्यांची शिस्त लागेल. एकाने गवत कापले नाही तर सर्वांचे कुंपण दुबळे होते.

३. वैयक्तिक कुंपणामुळे प्राणी नाहीसा होत नाही, तो शेजारच्या विनाकुंपण शेतात जातो. हा शेजारी बहुधा सर्वांत गरीब असतो. म्हणून अनुदान व्यक्तीला देण्याऐवजी सलग क्षेत्राला देणे अधिक न्याय्य ठरेल.

४. भरपाईला संरक्षक उपायांची अट घालणाऱ्या कायद्यांमागील युक्तिवाद तर्कशुद्ध आहे. परंतु कुंपण आवाक्यात आणल्याशिवाय अशी अट घातली तर तिचा भार दुर्बलावर पडतो.

५. जिवंत कुंपण पूर्णतः कालबाह्य झालेले नाही. काटेरी रांग आणि तिच्या आत दोन-तीन विद्युत तारा अशी जोडणी कमी भांडवलात अधिक टिकाऊ ठरू शकते. त्यात झुडपांच्या फांद्या तारेला टेकणार नाहीत एवढे अंतर राखणे आवश्यक आहे. बांधावरील झुडपे पक्षी, मधमाश्या व मातीचेही रक्षण करतात.

वन्यजीवांचे संरक्षण हे समाजाने स्वीकारलेले मूल्य आहे. त्याचा खर्च मात्र आज मोठ्या प्रमाणात बांधाजवळच्या शेतकऱ्याकडून वसूल होतो. सरंजामदाराच्या हरणांसाठी कुळाने पीक गमवावे, ही व्यवस्था फ्रान्सने १७८९ मध्ये अन्यायकारक ठरवली. सार्वजनिक हितासाठी राखलेल्या प्राण्यांचा भार एका लहान बागायतदारावर पडू नये, ही अपेक्षा त्याच न्यायाला धरून आहे. त्या अर्थाने अल्पभूधारकाचे कुंपण हा सार्वजनिक जबाबदारीचा विषय ठरतो.